केसाच्या मुळाशी : टकलावरील मूलपेशी-उपचारांचा इतिहास

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचे मूळ तो आईच्या पोटात असतानाच तयार झालेले असते. गर्भ पाच-साडेपाच महिन्यांचा होईपर्यंत हे काम उरकते. पुढे डोके वाढते, कातडी ताणली जाते, पण मुळांची संख्या वाढत नाही. या मुळाला शास्त्रीय मराठीत केशकूप म्हणतात, आणि तो शब्द चपखल आहे. कातडीत खोल उतरलेली ही एक बारीक विहीरच असते. एका कूपातला केस दोन ते सहा वर्षे वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत कूप आक्रसतो, सुमारे तीन महिने स्वस्थ राहतो, जुना केस सोडून देतो आणि त्याच जागी नवा केस धरतो. म्हणून निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्याचे काही बिघडत नाही. टक्कल पडते ते गळलेल्या केसाच्या जागी तसाच दमदार केस परत न आल्यामुळे. मूलपेशींवर, म्हणजे ज्यांना आता सर्रास स्टेम सेल म्हटले जाते त्यांच्यावर, आधारलेल्या केशोपचारांचा सगळा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो : प्रौढ माणसाच्या कातडीत नवा कूप घडवता येईल का, आणि ते जमत नसेल तर निजलेला जुना कूप जागा करता येईल का?

पहिल्या प्रश्नाला निसर्गाने दिलेले उत्तर विदर्भातल्या जंगलांत दर वर्षी पाहायला मिळते. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरचे नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. पिटेझरीच्या किंवा चोरखमाऱ्याच्या फाटकातून आत गेलेल्याला वाघ दिसेलच असे नाही, चितळ मात्र हमखास दिसतात. कळपातल्या एखाद्या नराची शिंगे टोकाला बोथट आणि मऊ, भुरकट लवेने मढलेली असतात. गाई-म्हशींची शिंगे जन्मभर टिकतात. चितळ आणि सांबराची शिंगे भरीव हाडाची असतात आणि गळून पडतात. कवटीवर उरलेल्या बुडख्यावरची जखम भरून येते, त्यावर नवी कातडी धरते आणि तिच्याखाली नवे शिंग वाढू लागते. या कातडीवर जी लव असते, तिचा एकेक केस नव्याने घडलेल्या कूपातून आलेला असतो. शिंग पुरे वाढले की कातडीचा रक्तपुरवठा थांबतो, नर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासून ती सोलून काढतो, आणि पुढच्या खेपेला सगळे पहिल्यापासून सुरू होते. आईच्या पोटात एकदाच घडणारी म्हणून जी गोष्ट समजली जाते, ती हा प्राणी भर जंगलात पुनःपुन्हा करतो.

शास्त्रज्ञांचे लक्ष याकडे विसाव्या शतकाच्या मध्याला गेले. १९५४ मध्ये ब्रीडिस या संशोधकाने सशाच्या कातडीवरील मोठ्या जखमा भरून आल्यावर व्रणातच नवे केशकूप दिसल्याचे नोंदवले. १९५६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी जॉन स्ट्राउस यांच्यासह माणसाच्या प्रौढ कातडीतही बारीक लवेचे कूप नव्याने तयार होऊ शकतात असे मांडले. मग आले १९५९. न्यू यॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकाच्या ८३ व्या खंडात रूपर्ट बिलिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हरणाच्या शिंगावर नव्याने घडणाऱ्या कातडीविषयीचा निबंध छापून आला. बिलिंगहॅम हे अवयवरोपणाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. कातडीचे रोपण का स्वीकारले जाते आणि का नाकारले जाते, यावर पीटर मेदावर यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम जगप्रसिद्ध आहे. त्याच खंडात, थोडीच पाने आधी, न्यू यॉर्कचे त्वचातज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांचा दुसरा निबंध होता. जगाने दुसरा उचलला आणि पहिला विसरला. पुढची पन्नास वर्षे केशोपचार कोणत्या वाटेने जाणार, हे या निवडीने ठरवले.

ओरेंट्राइक यांनी मांडलेली गोष्ट सरळ होती. टक्कल पडलेल्या पुरुषाच्या डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा टिकून राहतात. त्या पट्ट्यातला कातडीचा बारीक तुकडा केसांसह काढून पुढे टकलावर बसवला, तर तेथेही तो केस मागच्यासारखाच टिकतो. म्हणजे दोष जागेत नाही, कूपाच्या स्वभावात आहे. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्येच अशा रोपणाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पण युद्धाच्या धामधुमीत ते बाहेरच्या जगापर्यंत पोचले नाही. आज मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत होणारे केशरोपण याच सूत्रावर चालते. गोंदियाच्या शेतकऱ्याला ते धानाच्या रोवणीवरून चटकन कळेल : पऱ्हे एका बांधीतून उपटायचे आणि दुसरीत लावायचे. फरक एकच, पण फार मोठा. पऱ्हे कमी पडले तर पुन्हा टाकता येतात. केशकूप नव्याने टाकता येत नाहीत. मागच्या पट्ट्यात जेवढी शिल्लक, तेवढीच पुढची रोवणी. डोके जितके अधिक मोकळे, तितकी ही शिल्लक अपुरी पडते, आणि मूलपेशींची ओढ याच अपुरेपणातून निर्माण झाली.

टकलाचे कारण तोवर बरेचसे कळले होते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवले की वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे काढली गेली त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि आनुवंशिक कल असलेल्या अशा पुरुषाला पुरुषी संप्रेरक दिले की ते पडू लागते. आनुवंशिकता आणि संप्रेरक एकत्र आले की केसाच्या प्रत्येक नव्या चक्रागणिक कूप लहान होत जातो. जाड केसाच्या जागी बारीक, मग लव, मग डोळ्यांना काहीच दिसत नाही. औषधे दोनच हाती लागली आणि दोन्ही दुसऱ्याच कामासाठी शोधलेली. रक्तदाबाच्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेत १९८८ मध्ये केसांसाठी मान्यता मिळाली आणि प्रोस्टेटच्या विकारावरील फिनास्टेराइडला १९९७ मध्ये. दोन्ही घेत असेपर्यंतच काम करतात.

मूलपेशींची खरी कथा सुरू होते ती कूपाच्या एका दुर्लक्षित फुगवट्यापासून. हॅम्बुर्गचे त्वचातज्ज्ञ पॉल गेर्सन उना यांनी १८७६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कूपाच्या भिंतीवर, तळापासून बऱ्याच वर, एक उंचवटा पाहिला आणि त्याला जर्मन भाषेतला फुगवट्याचा साधा शब्द दिला. केस उभा करणारा बारीक स्नायू नेमका तेथेच जोडलेला असतो. मोठ्या माणसाच्या कूपात हा उंचवटा ठळक दिसत नाही, म्हणून शंभर वर्षे कोणी त्याला महत्त्व दिले नाही. केस तळाच्या कांद्यातून वाढतो, पेशी तेथेच झपाट्याने दुभंगतात, तेव्हा मूलपेशीही तेथेच असणार, असे सगळे गृहीत धरून चालले होते.

तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यावर ब्रिटनमध्ये काम चालू होते. कांद्याच्या पोटात शिरलेला पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला डर्मल पॅपिला म्हणतात. केसाची पेशी तो स्वतः बनवत नाही. वरच्या पेशींना केस बनवण्याचा हुकूम मात्र त्याच्याकडून सुटतो. १९८४ मध्ये डंडी विद्यापीठातील कॉलिन जाहोडा, के. ए. हॉर्न आणि रॉय ऑलिव्हर यांनी उंदरांच्या मिशांमधल्या या पुंजक्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, मिशीचा तळ कापून टाकलेल्या कूपांत त्या सोडल्या आणि तेथून पुन्हा केस आले. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींनी केस उगवल्याचा हा पहिला भक्कम पुरावा. ओरेंट्राइक यांच्या हिशेबातली शिल्लक वाढवता येईल, अशी आशा येथून सुरू झाली : थोडे कूप काढायचे, त्यांतल्या पेशी बशीत हजारोंनी वाढवायच्या आणि टकलावर पेरायच्या.

१९९० मध्ये गृहीतच उलटले. जॉर्ज कोत्सारेलिस, तुंग-तिएन सुन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी उंदरांच्या पिलांना डीएनएत शिरणारे एक किरणोत्सारी द्रव्य दिले. प्रत्येक विभाजनागणिक पेशीतली ही खूण निम्मी होते, त्यामुळे झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशींतून ती लवकर पुसली जाते. जी पेशी क्वचितच दुभंगते तिच्यात मात्र ती टिकून राहते. मूलपेशी तशी असते, राखून ठेवलेल्या बियाण्यासारखी. काही आठवड्यांनी कातडी तपासली तेव्हा खूण असलेल्या पेशी तळाच्या कांद्यात सापडल्या नाहीत; त्या जवळजवळ सगळ्या उनाच्या फुगवट्यात होत्या. केस वाढतो तळाशी, पण त्याचे बियाणे राखलेले असते वर, वेगळ्या कोठारात. ‘सेल’ या नियतकालिकात छापलेल्या या शोधाने डॉक्टरांना रोज दिसणारी एक गोष्टही उलगडली. कर्करोगाच्या केमोथेरपीत सगळे केस जातात आणि उपचार थांबल्यावर परत येतात. औषध झपाट्याने दुभंगणाऱ्या तळाच्या पेशींना मारते. फुगवट्यातल्या संथ पेशी वाचतात आणि पुन्हा काम सुरू करतात. चाई पडते तेव्हाही शरीराचा हल्ला मुख्यतः तळावर होतो, म्हणून चाईचा चट्टा भरून येऊ शकतो. काही रोगांत मात्र दाह फुगवट्यापर्यंत चढतो, तेथे व्रण राहतो आणि त्या जागी केस कायमचा जातो. कोणते केस परत येतील आणि कोणते नाही, याची किल्ली या एवढ्याशा कोठारात आहे.

या काळातला सर्वांत धाडसी प्रयोग जाहोडा यांनी स्वतःच्याच अंगावरून केला. आपल्या डोक्यातल्या काही कूपांच्या तळाचे आवरण त्यांनी काढले आणि ते पत्नी व सहसंशोधक अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हाताच्या कातडीत रोवले. काही आठवड्यांत तेथे केस उगवले. तपासणीत त्या कूपांत पुरुषाच्या पेशी सापडल्या. परक्या माणसाची कातडी शरीर नाकारते, येथे तसे झाले नाही. १९९९ च्या ‘नेचर’मधले हे टिपण अगदी लहान होते आणि उगवलेले केस मोजकेच होते, तरी जगभरच्या वर्तमानपत्रांनी टकलावरचा इलाज सापडल्याच्या बातम्या दिल्या. पुढच्या वीस वर्षांत हीच बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्या नावाने छापली गेली, आणि वाचकांच्या मनात उपचार जणू दाराशी येऊन ठेपला आहे अशी समजूत घट्ट होत गेली. तिची किंमत पुढे रुग्णांना मोजावी लागली.

भांडवल लगेच आले. मँचेस्टरची इंटरसायटेक्स आणि जपानी विगउत्पादक अदेरान्सने अमेरिकेत काढलेली संशोधन कंपनी या दोघींनी बशीत वाढवलेल्या पेशी माणसांच्या डोक्यात टोचून पाहिल्या. इंटरसायटेक्सला ते पुढे नेता आले नाही. अदेरान्सने दशकाहून अधिक काळ खर्च करून २०१३ मध्ये हे काम थांबवले. अपयशाचे कारण पेशीच्या स्वभावात होते. शरीरातल्या पुंजक्यात एकमेकींना चिकटून राहणाऱ्या या पेशी सपाट बशीत पसरल्या की आपली ओळख विसरतात. संख्या हजारपट होते, पण हुकूम सोडण्याची शक्ती जाते. त्याच २०१३ मध्ये क्लेअर हिगिन्स, अँजेला क्रिस्टियानो आणि जाहोडा यांनी यावर एक साधी युक्ती केली. पेशी सपाट न वाढवता त्यांनी त्या पालथ्या लोंबत्या थेंबात वाढवल्या. थेंबाच्या टोकाला पेशी गोळा होऊन चेंडूसारखा पुंजका झाला आणि विसरलेली ओळख काही अंशी परतली. सात दात्यांच्या पेशी घेतल्या होत्या. त्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी उंदरांवर कलम केलेल्या मानवी कातडीत नवे कूप घडवले. ती कातडी मुळात बिनकेसाची होती, म्हणून हा निकाल मोलाचा. उगवलेले केस मात्र बारीक आणि थोडे होते, आणि उंदरापासून माणसाच्या डोक्यापर्यंतचे अंतर त्याने मिटले नाही.

माणसांवर नीट आखलेल्या चाचण्यांपैकी एक जपानमध्ये झाली. कॅनडातील रेप्लिसेल कंपनीशी २०१३ मध्ये करार करून शिसेइदो या सौंदर्यप्रसाधन कंपनीने तोक्योतील विद्यापीठांबरोबर ६५ स्त्री-पुरुषांवर प्रयोग केला. प्रत्येकाच्या डोक्यामागून कातडीचा लहान तुकडा घेऊन कूपाच्या तळच्या आवरणाच्या पेशी वाढवल्या आणि त्याच माणसाच्या डोक्यात टोचल्या. तुलनेसाठी दुसऱ्या जागी पेशी नसलेले द्रावण टोचले. २०२० मध्ये निकाल आले : काही महिने केसांची घनता किंचित वाढली, धोका दिसला नाही. प्रामाणिक आणि उपयोगी निकाल. पण उघड्या डोक्यावर जंगल उभे राहिले असे कोणी त्यातून म्हणू शकत नाही.

दरम्यान पेनसिल्व्हेनियात कोत्सारेलिस यांनी दोन गोष्टी उजेडात आणल्या, आणि या सगळ्या इतिहासात त्यांचे महत्त्व सर्वाधिक आहे. २००७ मध्ये मायुमी इतो आणि त्यांनी दाखवले की प्रौढ उंदराच्या पाठीवर पुरेशी मोठी जखम केली तर ती भरताना मधोमध नवे केशकूप घडतात, गर्भात वापरलेले रासायनिक संदेश पुन्हा वापरून. क्लिगमन त्याच विद्यापीठात होते. १९५६ साली त्यांनी मांडलेल्या आणि नंतर शंकेच्या भोवऱ्यात सापडलेल्या विचाराला अर्ध्या शतकाने पाठबळ मिळाले. दुसरी गोष्ट २०११ ची. लुईस गार्झा आणि कोत्सारेलिस यांनी एकाच पुरुषाच्या टकलाची आणि केसाळ भागाची कातडी शेजारी ठेवून मोजली. टकलावरच्या कूपात मूलपेशींची संख्या कमी झालेली नव्हती. कमी झाल्या होत्या त्या पुढच्या पायरीच्या पेशी, ज्या मूलपेशींपासून निघून केस बनवायला लागतात. कोठारात बियाणे भरलेले आहे, पेरणी होत नाही. बाहेरून मूलपेशी आणून टोचण्याच्या कल्पनेलाच या निष्कर्षाने प्रश्न विचारला, कारण जे कमी नाही ते भरून काय साधणार? संशोधनाचा मोठा भाग तेव्हापासून निजलेल्या पेशींना जागे करण्याकडे वळला. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये या मूलपेशींच्या ऊर्जानिर्मितीत बदल करून उंदरांत केसवाढ सुरू केली. त्या वाटेवरचे औषध आज माणसांवरच्या चाचण्यांत आहे.

नव्या कूपाची वाटही बंद झाली नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशीला गर्भावस्थेतल्या पेशीसारखे बनवण्याची रीत दाखवली आणि २०१२ चे नोबेल मिळवले. २०२० मध्ये कार्ल कोहलर यांच्या गटाने अशाच मूलपेशींपासून बशीत चार-पाच महिन्यांत केस असलेली मानवी कातडी वाढवली. आणि शेवटी बिलिंगहॅम यांचे हरीणही परत आले. २०२२ मध्ये कॅनडात रेनडिअरवर झालेल्या अभ्यासात दिसले की त्याच्या पाठीवरची जखम व्रण ठेवते, तर वाढत्या शिंगावरच्या लवेची जखम केसांसह, व्रणाविना भरते. २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी हरणाच्या शिंगातल्या मूलपेशी उंदरांच्या कपाळावर रोवून शिंगासारखी वाढ मिळवली. नागझिऱ्यातला चितळ आणि सांबर जे सहज करतात, ते माणसाच्या कातडीने का सोडून दिले, याचा शोध आता खऱ्या अर्थाने सुरू झाला आहे.

बाजार मात्र शोधासाठी थांबला नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून भारतातल्या मोठ्या शहरांत स्टेम सेलने केस परत आणण्याच्या जाहिराती दिसू लागल्या. या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. रुग्णाचेच रक्त फिरवून त्यातला बिंबिकांचा थर डोक्यात टोचणे, म्हणजे पीआरपी, यात मूलपेशी नसतात. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींचे मिश्रण टोचले जाते. त्यात काही मूलपेशी असतात, पण त्या केशकूपाच्या नव्हेत. सफरचंदाच्या मूलपेशींचे शॅम्पूही निघाले; वनस्पतीच्या पेशीचा अर्क माणसाचा कूप घडवू शकत नाही. एका केसाच्याही आशेने माणूस किती खर्च करतो हे विकणाऱ्यांना ठाऊक असते. टक्कल जीव घेत नाही, पण लग्न ठरताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना, आरशासमोर ते फार दुखवते, आणि त्या दुखऱ्या जागेवर हा धंदा उभा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा त्यांच्या नावात संशोधन आणि उपचार असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीतून उपचार हा शब्द मुद्दाम वगळला गेला. तेवढ्या एका शब्दाने सरकारची भूमिका सांगितली : उपचार म्हणण्याजोगे अजून फारसे काही नाही. २०१७ च्या आवृत्तीने ते स्पष्ट लिहिले. रक्ताच्या विकारांत अस्थिमज्जेतल्या रक्तपेशीजनक मूलपेशींचे रोपण हा मान्य उपचार आहे. बाकी सगळे मान्यताप्राप्त चाचणीच्या चौकटीतच करावे, चौकटीबाहेर केल्यास ते अनैतिक आणि गैरव्यवसाय समजले जाईल. २०१९ च्या औषध व चाचणी नियमांनी मूलपेशींपासून बनवलेली उत्पादने नव्या औषधाच्या व्याख्येत आणली. अमेरिकेतही २०२४ मध्ये अपील न्यायालयाने चरबीतून काढलेल्या अशा पेशी म्हणजे औषधच आहे, असा निर्णय दिला.

धोका कल्पनेतला नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनच दिवसांत मृत्यू झाला. एका बैठकीत ९,५०० केस रोवल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले आणि डॉक्टरांना तीव्र ॲलर्जीचा संशय होता. तेथे मूलपेशींचा संबंध नव्हता, तरी केसांचे काम म्हणजे सलूनमधले काम नव्हे हे त्या घटनेने लोकांना कळले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण कोणी करावे यासंबंधी निकष काढले.

महाराष्ट्राच्या केसांच्या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण याच विदर्भात, नागझिऱ्यापासून बरेच पश्चिमेला, घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे डोके खाजू लागले आणि तीन-चार दिवसांत केस मुठी-मुठीने हातात येऊ लागले. पुरुष, बाया, लहान मुले, कोणी सुटले नाही. लवकरच अठरा गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. वर्तमानपत्रांनी टक्कल व्हायरस असे नाव दिले आणि भीतीने साथीचे रूप घेतले. मुली कॉलेजला जाईनात, जुळत आलेली लग्ने अडली, पुष्कळांनी लाजेपोटी उरलेले केस काढून टाकले. आधी बुरशीचा संशय घेतला गेला, मग खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रक्त, लघवी, केस, कातडी, पाणी, माती यांचे नमुने गेले.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी पद्मश्री मिळालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वखुशीने या गावांत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य कित्येक पटींनी वाढलेले होते, जस्त घटलेले होते, आणि रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम आढळले. तो गहू पंजाबकडचा होता. शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियमने भरलेल्या जमिनी आहेत हे मृदाशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत आहे. परिषदेच्या तपासणीतही रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आणि जस्त कमी निघाले. पुढे काही जणांची नखेही गळाली. अमेरिकेच्या दक्षिण डकोटात १९३० च्या दशकात अशाच जमिनीवरचा चारा खाऊन घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडत असे.

शेगावच्या पुष्कळ रुग्णांच्या डोक्यावर पाच-सहा आठवड्यांत पुन्हा केस दिसू लागले. कोणी त्यांना मूलपेशी टोचल्या नव्हत्या. विषाने वाढता केस तोडला, पण कूपाचे बियाणे शाबूत राहिले, म्हणून विषाचा मारा ओसरताच पीक परत उभे राहिले. कोत्सारेलिस यांनी १९९० मध्ये उंदराच्या कातडीत जे पाहिले, त्याचा पडताळा शेगावच्या या माणसांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. केस अचानक आणि झपाट्याने गळू लागले तर आधी कारण शोधायचे असते : अन्न, औषध, ताप, बाळंतपण, रक्तातले लोह, थायरॉइड. अशा गळतीत कारण दूर झाले की बहुतेक वेळा केस आपोआप येतात, आणि त्या काळात कोणी महागडे इंजेक्शन दिले असेल तर यशाचे श्रेय त्याला जाते. पुष्कळ जाहिरातींतली आधीची आणि नंतरची छायाचित्रे अशा तऱ्हेने घडू शकतात.

टकलावरचा कोणताही मूलपेशी-उपचार भारतात आजवर मान्य झालेला नाही. जे होते ते संशोधन, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सीटीआरआय ही सरकारी नोंदवही २००७ पासून सुरू आहे, २००९ पासून तीत नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही फुकट वाचता येते. स्टेम सेलने केस आणून देतो म्हणणाऱ्या कोणालाही, तो शहरातला असो की तालुक्याच्या गावातला, पैसे देण्याआधी त्या नोंदवहीतला क्रमांक मागावा.